वाचकांचे प्रश्न : सीमाभागातील दूरशिक्षण

दूरशिक्षणाविषयी निपाणी, चिक्कोडी, खानापूर आणि बेळगाव परिसरातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत आणि जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

मी निपाणीत घरी विड्या वळते. वय ३४. सातवीनंतर वडील वारले आणि माझी शाळा सुटली. थोरली मुलगी आता नववीत आहे. अंगणवाडीत मदतनीस म्हणून अर्ज करायला गेले, तेव्हा दहावीचा दाखला मागितला. ओळखीतला एक जण म्हणतो, पैसे भरा, घरबसल्या दहावी पास करून देतो. मी मराठीत शिकलेली आहे आणि गणिताची मला फार भीती वाटते. मी काय करावे?

ताई, सर्वांत आधी त्या ओळखीतल्या माणसाला एक पैसाही देऊ नका. कोणतेही मान्यताप्राप्त मंडळ ‘पास करून देण्याची’ हमी घेत नाही, आणि जो अशी हमी घेतो तो एकतर बनावट मंडळाचे कागद हातावर ठेवतो किंवा खऱ्या मंडळाचा अर्ज भरण्यापुरते काम करून दसपट पैसे उकळतो. अशी गुणपत्रिका नोकरीच्या वेळी पडताळणीत उघडी पडते आणि मग गेलेल्या पैशांपेक्षा गेलेली वर्षे अधिक सलतात.

आपल्यासाठी दोन सरळ वाटा आहेत. पहिली म्हणजे कर्नाटकच्या मंडळाची एसएसएलसी, म्हणजे दहावीची, परीक्षा खासगी विद्यार्थी म्हणून देणे. त्यात तीन भाषा, गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान असे सहा विषय असतात. मराठी माध्यम आहे, परंतु गणितातून सुटका नाही. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे जिला सगळे एनआयओएस म्हणतात तिची. केंद्र सरकारच्या या संस्थेची स्थापना १९८९ साली झाली आणि अर्ध्यावर शाळा सुटलेल्यांसाठीच ती प्रामुख्याने आहे. तिच्या दहावीला वयाची किमान अट १४ वर्षांची असून कमाल मर्यादा नाही. आठवीचा दाखला नसेल, तर हा अभ्यासक्रम पेलण्याइतके शिक्षण आपले झाले आहे असे स्वयंघोषणापत्र चालते. उत्तीर्ण होण्यासाठी पाच विषय लागतात, त्यांपैकी किमान एक आणि जास्तीत जास्त दोन भाषा असाव्या लागतात, आणि त्या पाचांत गणित असलेच पाहिजे अशी सक्ती नाही. या स्तरासाठी मराठी माध्यम उपलब्ध आहे. मात्र अर्ज भरताना माध्यमाच्या रकान्यात मराठी निवडले आहे ना, हे स्वतः डोळ्यांनी पाहावे. संगणकावर दुसऱ्या कोणाकडून घाईने अर्ज भरून घेतला की इंग्रजी माध्यम पडते आणि ते पुस्तके हाती आल्यावर कळते.

माझे मत विचाराल, तर आपण दुसरी वाट धरावी. तिचे सर्वांत मोठे कारण गणित नाही, सवलतीची मुदत आहे. एकदा नाव नोंदवले की ते पाच वर्षे टिकते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि जो विषय सुटला तो सुटला, तो पुन्हा द्यावा लागत नाही. घरात आजारपण आले, लग्नकार्य आले, ठेकेदाराने जास्तीचे काम दिले, तर त्या खेपेला एकच विषय द्यावा. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. पहिल्या वेळी मराठी आणि गृहविज्ञान एवढेच विषय द्यावेत, असा माझा आग्रह राहील. पहिल्या दोन विषयांची गुणपत्रिका हातात पडली की पुढच्या तीन विषयांची धास्ती पुष्कळ कमी होते.

गणिताबद्दल मात्र एक गोष्ट मनापासून सांगतो. हजारी मजुरीचा हिशेब, त्यातून छाट निघालेल्या विड्यांची वजावट, आधी घेतलेली उचल आणि आठवड्याच्या शेवटी हाती पडणारी रक्कम हे सगळे आपण दर आठवड्याला तोंडी करता आणि ठेकेदार चुकला तर त्याला धरताही. शेकडेवारी आपल्याला येते. ती वहीत कशी मांडायची एवढेच शिकायचे राहिले आहे. तरीही नोकरीसाठी गणिताची अट नसेल, तर हा विषय आत्ता घेऊ नये आणि न घेतल्याचा कमीपणाही मानू नये.

दुसरी भाषा निवडताना कन्नडचा गंभीरपणे विचार करावा. कर्नाटक सरकारच्या भरतीत कन्नड येण्याची अपेक्षा असते, आणि आपल्याला ज्या कामासाठी दाखला हवा आहे ते काम याच राज्यात आहे. मराठी माध्यम घेतल्यामुळे कन्नड हा विषय घेता येत नाही असे नाही. कन्नड शिकल्याने आपली मराठी उणी होत नाही. सीमाभागातल्या कष्टकरी बाईला दोन्ही लिपी वाचता येणे हे तिच्या हातातले बळ आहे, असे मी मानतो. अंगणवाडीच्या पदांसाठी शिक्षणाच्या अटी अलीकडे वाढल्या आहेत. त्यामुळे अर्ज करण्याआधी त्या वर्षीची जाहिरात तालुक्याच्या बालविकास कार्यालयात वाचून घ्यावी.

आता कागदपत्रे. सीमाभागातल्या अर्जदारांचे पुष्कळ अर्ज अभ्यासापायी नव्हे, नावापायी अडतात. शाळेच्या नोंदवहीत मराठी पद्धतीने स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असते. आधार कार्डावर लग्नानंतरचे नाव असते, तेही कन्नडवरून इंग्रजीत उतरताना बदललेले. आणि रेशन कार्डावर आडनावाचे नुसते आद्याक्षर असते. या तिन्ही ठिकाणी नाव एक नसेल, तर प्रवेशापूर्वी आधार दुरुस्त करून घ्यावे आणि लग्नामुळे नाव बदलल्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. जन्मतारखेचा पुरावा म्हणून जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला काढावा. शाळा बंद पडली असेल, तर तिची दप्तरे कोठे गेली हे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात कळते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शुल्कात सवलत आहे. जातीचा दाखला लागणार असेल, तर तो नाडकचेरीतून (उपतहसील कार्यालयातून) आधीच काढून ठेवावा.

अभ्यासकेंद्र निवडताना ‘संपर्कवर्ग मराठीत होतात का’ हा प्रश्न केंद्राला विचारावा. प्रवासाचाही हिशेब करावा. शक्ती योजनेमुळे ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील महिलांना राज्यातल्या साध्या सरकारी बसने मोफत प्रवास करता येतो. निपाणीहून चिक्कोडीला किंवा बेळगावला जायला आपल्याला तिकीट पडणार नाही, कोल्हापूरला जायला पडेल. महिन्यातून काही वेळा जायचे असेल, तर हा फरक आपल्या मजुरीत जाणवेल.

प्रत्येक विषयाचा एक गृहपाठ केंद्रावर तपासायला द्यायचा असतो आणि त्याला लेखी परीक्षेच्या २० टक्के भार असतो. पुष्कळ जण तो विकत घेतलेल्या वहीतून उतरवून काढतात. आपण तसे करू नये. तो गृहपाठ हाच आपला सराव आहे, आणि नववीतली मुलगी शेजारी बसलेली असताना आपल्याला दुसऱ्या शिकवणीची फारशी गरज नाही. संध्याकाळी विड्यांचे सूप बाजूला ठेवल्यावर तिने आपल्याला एक उतारा वाचून दाखवावा आणि आपण त्याचे उत्तर लिहून तिला तपासायला द्यावे. मुलीचाही अभ्यास त्यात होतो.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मी कामाला आहे, पाळी दर आठवड्याला बदलते. एसएसएलसी मराठी माध्यमातून झालो, पीयूसी (अकरावी-बारावी) कॉमर्स केले आणि बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात कॉलेज सोडले. मित्र म्हणतात, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून मराठीत पदवी घे. काका म्हणतात, म्हैसूरची घे, कर्नाटकात तीच चालेल. बाहेरून केलेल्या पदवीला किंमत नसते, असेही ऐकतो.

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० सालच्या मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाच्या नियमांनुसार, मान्यताप्राप्त संस्थेकडून दूरशिक्षणाने घेतलेली पदवी ही महाविद्यालयात जाऊन घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची असते, आणि आयोगाने २०२२ साली सूचना काढून ते पुन्हा स्पष्ट केले आहे. या विधानातले ‘मान्यताप्राप्त’ हे महत्त्वाचे आहे. मान्यता विद्यापीठाला एकदाच कायमची मिळत नाही. कोणत्या सत्रासाठी कोणते अभ्यासक्रम मान्य आहेत, याची यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. म्हैसूरचे कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ १९९६ पासून काम करते, सरकारी आहे, तरीही कार्यक्षेत्राबाहेरची केंद्रे आणि मंजुरी नसलेले अभ्यासक्रम या कारणांवरून २०१३-१४ पासून आयोगाने त्याची मान्यता थांबवली होती आणि २०१८ साली ती पुन्हा दिली. मधल्या काळात हजारो विद्यार्थी कोर्टकचेऱ्यांच्या आणि पडताळणीच्या फेऱ्यात सापडले. आज ते विद्यापीठ मान्य आहे, आणि काकांचा सल्ला चुकीचा नाही. मी हे सांगितले ते एवढ्यासाठी की सरकारी पाटी पाहून निर्धास्त राहू नये. ज्या सत्रात प्रवेश घेता त्या सत्राच्या यादीत आपला अभ्यासक्रम आहे का, हे फी भरण्याआधी स्वतः पाहावे आणि त्या पानाची प्रत जपून ठेवावी.

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. मराठीतून स्वयंअध्ययनाची पुस्तके तयार करण्यात त्याने जे काम केले आहे ते मोठे आहे. मात्र त्याचे कार्यक्षेत्र महाराष्ट्र राज्य हे आहे. राज्य विद्यापीठांना आपली अभ्यासकेंद्रे आणि परीक्षाकेंद्रे स्वतःच्या कार्यक्षेत्रातच ठेवावी लागतात; म्हणून बेळगावात किंवा निपाणीत कोणी ‘आम्ही नाशिकचे केंद्र चालवतो, परीक्षाही इथेच’ असे सांगत असेल, तर तिथून मागे फिरावे. आपल्याला कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या केंद्रात नाव घालावे लागेल आणि परीक्षेला तिकडेच जावे लागेल. आपला राहण्याचा पत्ता कर्नाटकातला असल्याचे केंद्राला आधी सांगून, प्रवेश नियमात बसतो याचे लेखी उत्तर घ्यावे.

तिसरा पर्याय मित्रांनी आणि काकांनी सुचवलेला दिसत नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, संसदेच्या १९८५ सालच्या कायद्याने स्थापन झाले असल्याने राज्याच्या हद्दीचा प्रश्न तिथे येत नाही. उत्तर कर्नाटकासाठी त्याचे प्रादेशिक केंद्र विजयपूर येथे आहे. सत्रपरीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात आणि तीन वर्षांची पदवी जास्तीत जास्त सहा वर्षांत पुरी करण्याची मुभा असते. बदलत्या पाळीच्या कामगाराला ही मुभा फार उपयोगाची आहे. अडचण भाषेची आहे, कारण बहुतेक पुस्तके इंग्रजीत किंवा हिंदीत आहेत.

आता आपल्यापुरते सांगायचे तर, आपण पीयूसीला कॉमर्स ज्या भाषेत शिकलात त्या भाषेतच पुढे जावे. मराठी माध्यमातून दहावी झालेला मुलगा पीयूसीला कन्नड किंवा इंग्रजीत ढकलला जातो, दोन वर्षे कशीबशी काढतो, आणि पदवीला पुन्हा माध्यम बदलले तर लेखाकर्माच्या संज्ञा तिसऱ्यांदा नव्याने पाठ कराव्या लागतात. पत्रावरून आपले इंग्रजी वाचन बरे दिसते. बेळगाव परिसरातच नोकरी करायची असेल, तर म्हैसूर किंवा इग्नू यांपैकी ज्याचे अभ्यासकेंद्र आपल्या पाळीच्या वेळांशी जुळते ते घ्यावे. मराठीतूनच शिकायचे असे मनाने ठरवलेच असेल, तर नाशिकचा मार्ग चांगला आहे, पण परीक्षेच्या दिवसांची रजा आणि प्रवास यांचा विचार करून मगच निर्णय घ्यावा.

कॉलेज सोडलेल्या पहिल्या वर्षाच्या ज्या विषयांत आपण उत्तीर्ण झाला असाल, त्यांची श्रेयांक नोंद अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या सरकारी ऑनलाइन खात्यात, आहे का हे जुन्या महाविद्यालयात विचारावे. ती असेल तर काही विषयांतून सूट मागता येते. २०२४-२५ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी ‘डेब आयडी’, म्हणजे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, सक्तीचा झाला आहे आणि तो काढण्यासाठी ही बँकेतली नोंद लागतेच. हा क्रमांक स्वतःच्या मोबाईलवरून स्वतः काढावा. सायबर कॅफेवाल्याचा मोबाईल नंबर त्यात पडू देऊ नये, नाहीतर पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जात राहतील.

मी खानापूर तालुक्याच्या जंगलभागात प्राथमिक शिक्षक आहे. गावात मोबाईलला रेंज नाही, पावसाळ्यात वीजही दिवसेंदिवस नसते. सातवीनंतर मुले, विशेषतः मुली, शाळा सोडतात. ऑनलाइन शिक्षणाने त्यांचा प्रश्न सुटेल का? काही पालक मुलीचे नाव मुक्त शाळेत घालून तिला घरी ठेवायचे म्हणतात.

गुरुजी, पालकांच्या म्हणण्याला आपण ठाम नकार द्यावा. शिक्षणहक्क कायदा २००९ नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत शिकण्याचा हक्क आहे, आणि त्या वयाच्या मुलीचे नाव कोठेतरी घालून तिला गुरांमागे किंवा धाकट्या भावंडांमागे ठेवणे याला शिक्षण म्हणता येणार नाही. मोरारजी देसाई वसतिशाळा, समाजकल्याण खात्याची वसतिगृहे, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये असे मार्ग आधी तपासावेत. वसतिशाळेत माध्यम बदलते, ही मराठी घरांची खरी अडचण आहे. तिच्यासाठी सातवीच्या उन्हाळ्यातच कन्नड वाचन-लेखनाची तयारी करून घ्यावी लागेल. मुक्त विद्यालय हा चौदा वर्षांनंतरचा आणि दुसरा काहीही मार्ग न उरल्यावरचा उपाय आहे.

ऑनलाइन शिक्षणाविषयी आपण विचारलेल्या प्रश्नाला आपल्या शेजारच्याच जिल्ह्याने पन्नास वर्षांपूर्वी बरेचसे उत्तर दिले आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने देशातल्या सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून पाठ दाखवण्यात आले. त्याला साइट प्रयोग म्हणतात. कर्नाटकातली त्या वेळच्या विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर जिल्ह्यांतली गावे त्यात होती. वीज नसलेल्या गावांत संच बॅटरीवर चालवले, आणि प्रत्येक संचाची काळजी घ्यायला गावातलाच एक माणूस नेमलेला होता. उपग्रह आकाशात असला तरी संच लावणारा, मुलांना जमवणारा आणि पाठ संपल्यावर ‘काय कळले’ असे विचारणारा माणूस गावात असावा लागतो, ही गोष्ट तेव्हाच्या आखणीत धरलेली होती. आजच्या ॲपच्या आखणीत ती अनेकदा धरलेली नसते.

कोरोनाच्या काळात, २०२० साली, कर्नाटकाने विद्यागम योजना आणली तेव्हा मुलांचे तीन गट केले होते : इंटरनेट असलेला फोन घरी असणारी मुले, साधा फोन असणारी मुले आणि फोनच नसणारी मुले. शिक्षकांनी वाड्यावस्त्यांवर जाऊन देवळाच्या ओसरीत, समाजमंदिरात, झाडाखाली मुलांना शिकवले. साथीमुळे त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये योजना थांबवावी लागली, पण ही विभागणी मला आजही योग्य वाटते. ज्या मुलाजवळ फोन नाही त्याला फोन कसा देता येईल, याच्याआधी त्याच्यापर्यंत कागद आणि शिक्षक कसा पोहोचेल, हे ठरवावे लागते.

आपल्या गावासाठी मला सुचते ते असे. सरकारच्या दीक्षा या शैक्षणिक ॲपवरचे पाठ फोनमध्ये उतरवून घेता येतात आणि नंतर रेंज नसतानाही उघडतात. आपण बाजाराच्या दिवशी खानापुरात आलात की पुढच्या पंधरवड्याचे पाठ उतरवून न्यावेत. महाराष्ट्राच्या मराठी माध्यमाचे साहित्य त्यावर भरपूर आहे. कर्नाटकच्या मराठी पुस्तकांशी गणित आणि विज्ञान यांच्या संकल्पना जुळतात, समाजविज्ञान मात्र जुळत नाही, तिथे आपले पुस्तकच धरावे. वीज असेल तेव्हा पीएम ई-विद्या या शैक्षणिक वाहिन्या डीटीएचवर दिसतात. पण जून ते सप्टेंबर या महिन्यांत या दोन्हींवर विसंबू नये. ओढे चढतात, वाट बंद होते, फोन चार्ज होत नाही; त्या चार महिन्यांसाठी छापील साहित्याचे गठ्ठे मे महिन्यातच गावात पोहोचलेले असावेत.

तो गठ्ठा कसा असावा, हेही लिहितो, कारण नुसत्या झेरॉक्स दिल्याने काही साधत नाही. एका पाठाला दोन पाने पुरेत. पहिल्या पानावर उतारा, त्याच्या समासात आपल्या हस्ताक्षरात दोन-तीन प्रश्न : इथे थांब, हे आपल्या ओढ्याच्या बाबतीत खरे आहे का, आजीला विचारून लिही. दुसऱ्या पानावर उत्तराला जागा आणि तळाशी घरातल्या वाचता येणाऱ्या कोणाचीही सही. पावसाने उघडीप दिली की वाडीवरून जी व्यक्ती दूध घालायला किंवा रेशनला खाली येते, तिच्याबरोबर सोडवलेली पाने यावीत आणि आपण तपासलेली पाने परत जावीत. तपासलेले पान परत गेले नाही, तर तिसऱ्या आठवड्यापासून सोडवलेली पाने येणे बंद होते.

माझा धाकटा भाऊ पूर्ण अंध आहे. चिक्कोडी तालुक्यात राहतो, वय १९, नववीपर्यंत शिकला. पुढे शिकण्याची त्याची फार इच्छा आहे.

एनआयओएसची दहावी भावासाठी योग्य आहे. प्रवेशाच्या वेळीच अंधत्वाची नोंद करावी आणि दिव्यांगत्वाचे युडीआयडी कार्ड जोडावे. परीक्षेच्या तोंडावर मागितलेली सवलत मिळवताना धावपळ होते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या परीक्षार्थीला लेखनिक घेता येतो आणि प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो. लेखनिक मराठी वेगाने लिहिणारा हवा आणि त्याच्याबरोबर भावाने सराव केलेला हवा. सांगून लिहून घेणे हे वेगळे कौशल्य आहे. विरामचिन्हे, परिच्छेद, आकड्यांची मांडणी हे सगळे बोलून सांगावे लागते.

पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय या २०१६ साली सुरू झालेल्या ऑनलाइन ग्रंथालयात भावाचे नाव नोंदवावे. भारतीय भाषांतली पुस्तके तिथे ऐकण्याजोग्या रूपात मिळतात. जे पाठ्यपुस्तक मिळणार नाही, ते आपण स्वतः मोबाईलवर वाचून ध्वनिमुद्रित करावे, एका पाठाची एक फाइल आणि सुरुवातीला पाठाचे नाव व पृष्ठक्रमांक. घरातल्या माणसाचा आवाज त्याला यंत्राच्या आवाजापेक्षा जास्त वेळ ऐकवेल.

माझा मुलगा बेळगावच्या हिंडलगा कारागृहात शिक्षा भोगत आहे. बारावी झालेला आहे. तिथून त्याला पदवी घेता येईल का?

होय, घेता येईल. इग्नूने १९९४ साली दिल्लीच्या तिहार कारागृहात अभ्यासकेंद्र काढले आणि पुढे देशभर ही सोय वाढवली. बंदिवानांसाठी हे शिक्षण विनाशुल्क असते. मुलाने कारागृह अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा आणि आपण बारावीची मूळ गुणपत्रिका, छायाचित्रे व आधारची प्रत भेटीच्या दिवशी रीतसर कार्यालयात द्यावी. प्रवेश जानेवारी आणि जुलै या दोन सत्रांत होतात, त्यामुळे कागद त्याआधी दीड-दोन महिने तयार असावेत. भेटीच्या वेळी घरच्या काळज्यांबरोबर अभ्यासाचीही चौकशी करत राहा, माऊली.

मी बेळगावच्या वडगावातली निवृत्त शिक्षिका आहे. आसपास यंत्रमागावर काम करणाऱ्या बायका आणि अर्धवट शिकलेली मुले पुष्कळ आहेत. मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचे आहे. मुक्त विद्यालयाचे केंद्र काढता येईल का?

बाई, या विषयावर आलेल्या पत्रांत ज्या पत्राची मी वाट पाहत होतो, ते हे आहे. अधिकृत केंद्राची मान्यता सहसा शाळा किंवा नोंदणीकृत संस्था यांना, इमारत आणि शिक्षकवर्ग पाहून मिळते. आपण त्या मागे लागू नये. सीमाभागात आज कमतरता मंडळांची किंवा विद्यापीठांची नाही. एनआयओएस आहे, एसएसएलसी आहे, म्हैसूर, नाशिक, इग्नू आहेत. कमतरता आहे ती अर्ज समजावून सांगणाऱ्या, गृहपाठ वाचणाऱ्या आणि ‘या आठवड्यात का आला नाहीस’ असे दारात जाऊन विचारणाऱ्या माणसाची. दूरशिक्षणातून गळणारे बहुतेक विद्यार्थी नापास होऊन गळत नाहीत. पुस्तकांचा गठ्ठा घरी येतो, तो उघडायला सोबत मिळत नाही आणि परीक्षेचा अर्ज भरायची तारीख निघून जाते.

म्हणून आपण एक खोली, एक फळा आणि आठवड्यातले दोन ठरलेले दिवस एवढ्यावर सुरुवात करावी. वार मागाच्या कामाप्रमाणे ठरवा. ज्या दिवशी वीज कपात असते आणि माग बंद राहतात, तो दिवस सर्वांत चांगला. पहिल्या खेपेला थोडेच विद्यार्थी घ्यावेत आणि शक्य तर एकाच अभ्यासक्रमाचे, म्हणजे पुस्तक एक असेल आणि ते एकमेकांना विचारू शकतील. वडगाव-खासबागेत मराठी, कन्नड आणि तेलुगू अशी तिन्ही घरे एका गल्लीत आहेत. मराठीची वेगळी आणि कन्नडची वेगळी बैठक करू नये. गणित आणि गृहविज्ञान तिघी एकत्र शिकू शकतात, आणि कन्नड हा विषय घेतलेल्या मराठी बाईला शेजारीण आपोआप मदतीला मिळते.

ज्यांना अक्षरओळखच नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे ‘उल्लास’, २०२२ ते २०२७ या काळासाठी चालू आहे. तो १५ वर्षांवरील सर्वांसाठी आहे आणि स्वयंसेवकांवरच चालतो. तिथे स्वयंसेवक म्हणून आपले नाव नोंदवले की साहित्य आणि मूल्यमापन चाचणी यांची सोय होते. ज्यांना वाचता येते पण आठवीपर्यंतची तयारी नाही, त्यांना एनआयओएसच्या मुक्त मूलभूत शिक्षणातून न्यावे. त्याचे अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे आहेत.

अथणी-कागवाडकडची ऊसतोड करणारी नातेवाईक मंडळीही कोणी आपल्याकडे आणून सोडतील, असे आपण लिहिले आहे. त्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेला बसवू नये, कारण त्याच सुमारास गाळप हंगाम सुरू होऊन टोळ्या बाहेर पडतात आणि प्रवेशपत्र घरी पडून राहते. हंगाम मार्चअखेर आटोपतो, म्हणून त्यांच्यासाठी एप्रिल-मेची परीक्षा धरावी, पुस्तके टोळीबरोबर जाऊ द्यावीत आणि अधूनमधून फोन करून कोणता पाठ झाला एवढे विचारावे.

खर्चाचे म्हणाल, तर परीक्षा शुल्क विद्यार्थ्यानेच भरावे, थोडेथोडे साठवून का होईना. अर्ज भरण्याचा संगणकाचा खर्च मात्र आपण किंवा गल्लीतल्या मंडळाने उचलावा. प्रत्येक विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक, पासवर्ड, वापरलेला मोबाईल नंबर आणि पुढची तारीख एका जाड वहीत लिहून ठेवावी, आणि ती वही खोलीतच राहू द्यावी, म्हणजे आपण आजारी पडलात किंवा गावाला गेलात तरी दुसऱ्या कोणाला तारीख चुकू न देता पुढचे काम करता येईल.